दहाबाईंचा हात

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे दहाबाई म्हणतात. रक्ताची नळी त्या बरोबर दहा वेळा हलवतात, मोठ्याने मोजून. नवव्याला फोन वाजला तर वाजू दे, आणि अकराव्यांदा हलवा म्हणून कोणी हात जोडले तरी हलवणार नाहीत. त्यांचा नवरा बसवर ड्रायव्हर आहे. तो सांगतो, "घरी खोकल्याचं औषधसुद्धा मोजून हलवते. तोवर मी खोकत बसतो." अशा बाईच्या हाताला नावं ठेवणारा शहाणा एकच निघाला. तो म्हणजे मी, तिथला डॉक्टर.

सात वर्षांची एक मुलगी यायची. मानेत गाठी. त्या फुटायच्या, वाहायच्या, औषधांनी सुकायच्या आणि परत यायच्या. जंतू क्षयाच्याच कुळातले, पण इतके दुबळे की धडधाकट मुलाच्या वाट्याला जायची त्यांची छाती होत नाही. दीड वर्ष हेच चाललं होतं आणि पोरगी वाळत चालली होती. 'आई औषधं नियमित देत नसावी,' असं मी कागदावर लिहूनही टाकलं. आई समोर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चळत घेऊन बसली होती. तिकडे मी बघितलंच नाही.

दहाबाईंनी रक्त घेतलं. "मी हलवते, तू मोज," त्या मुलीला म्हणाल्या. चारपर्यंत मोजून तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

तपासणी अशी असते: नळीत रक्ताच्या पेशींना डिवचायचं आणि त्या किती इंटरफेरॉन सोडतात ते मोजायचं. इंटरफेरॉन म्हणजे पेशींचा आपसातला निरोप. जंतू गिळणाऱ्या पेशी आपल्यात असतात, पण क्षयाच्या कुळातले जंतू त्यांच्या पोटातच संसार थाटतात. गॅमा इंटरफेरॉनचा निरोप आला की मग कुठे त्या पेशी त्यांना नीट पचवायला लागतात. एका नळीत तर इतकं कडक रसायन असतं की निरोगी रक्त बोंब मारणारच. या मुलीची ती नळी मुकी निघाली.

हे रसायन नळीच्या आतल्या बाजूला चोपडलेलं असतं, नीट हलवलं नाही तर रक्तात मिसळतच नाही. म्हणून असं झालं की आम्ही पहिला संशय नळी हलवणाऱ्यावर घेतो. मी चारचौघांत म्हणालो, "रक्त पुन्हा घ्या, आणि या वेळी नीट हलवा."

दहाबाई चिडल्या नाहीत. "घेते की. पण अर्ध्या नळ्या तुम्ही हलवा, डॉक्टर. आणि सोबत माझंही रक्त लावा. माझं बोललं आणि पोरीचं गप्प बसलं, तर हात कोणाचा ते नंतर बघू."

मला हसू आलं आणि रागही आला. तरी बाह्या सरसावल्या. सहाव्या झटक्याला त्या ओरडल्या, "हळू! चादर झटकताय का?"

दुसऱ्या दिवशी आकडे आले. दहाबाईंच्या रक्ताने भरभरून उत्तर दिलं होतं. मुलीच्या नळ्या, त्यांच्या हातच्या आणि माझ्याही, तशाच मुक्या. पेशींची संख्या उत्तम होती, म्हणजे पेशी होत्या पण निरोपच निघत नव्हता.

"हात ठीक आहे. रक्ताकडे बघा," एवढं बोलून त्या पुढच्या कामाला लागल्या.

मोठ्या केंद्रात जनुकं तपासली, तेव्हा जन्मजात दोष सापडला. जो निरोप शरीर पाठवत नव्हतं तो आम्ही सुईने पाठवायला लागलो, आठवड्यातून तीनदा, जुन्या औषधांच्या जोडीला. सुई द्यायला आईच शिकली. एकही चुकवली नाही. मी तो कागद काढून तिच्यासमोर माझं वाक्य खोडलं आणि माफी मागितली. लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

वर्षभराने मुलगी आली. मानेवर नुसते व्रण, गाल भरलेले. दहाबाईंनी साध्या तपासणीसाठी रक्त घेतलं आणि त्या नळी हलवायला लागल्या. कोणी न सांगताच मुलीने मोजायला सुरुवात केली. चार आले तशी आईने तिच्याकडे बघितलं. पाच, सहा, सात. दहाला दहाबाईंनी नळी खाली ठेवली.

"अकरा!" मुलगी म्हणाली.

मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"मोज गं," दहाबाई म्हणाल्या. "माझं काम झालं. तू मोज."

ती मोजतच बाहेर गेली. व्हरांड्याच्या टोकाकडून 'त्रेचाळीस' ऐकू आलं, तेव्हा दहाबाईंनी पुढची नळी उचलली.