लहान बाटलीची साक्ष

दाऊदभाईंची आणि माझी पहिली भेट पन्नासच्या दशकात कतारमधल्या दुखानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात झाली. मी साताऱ्याहून नुकताच आलेला, मेसचा स्टोअरकीपर. ते रत्नागिरीचे, कंपनीच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट. मराठी कानावर पडताच त्यांनी मला जेवायला नेलं. मी शाकाहारी म्हटल्यावर वेगळं भांडं घासून माझ्यासाठी डाळ शिजवली, आणि ती खारट झाल्याचं खापर माझ्या शाकाहारावर फोडलं.

कामात मात्र त्यांना थट्टा चालत नसे. तेलाचा नमुना स्वतःच्या हातानं काढल्याशिवाय ते निकालावर सही करत नसत. वरिष्ठ चिडत, हे बधत नसत.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यावर आभाळ कोसळलं. साहेब लोकांसाठी जहाजानं येणारी बिअर माझ्या ताब्यात असे. मोठ्या बाटल्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. लहान बाटल्यांतली मात्र शिळी, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागली. मी बाटल्या उघडून पाणी मिसळतो, असा संशय आला आणि पुढच्या बोटीनं मला परत धाडायचं ठरलं. चोर म्हणून गावात पाऊल कसं टाकायचं, या विचारानं मला अन्न जाईना.

दाऊदभाई म्हणाले, "पेटी बांधू नको. आधी मना बाटल्या बघू दे."

त्याच जहाजानं आलेलं, अजून न फोडलेलं खोकं त्यांनी मेसच्या सेक्रेटरी साहेबांसमोर आणवलं. दाऊदभाई दारूच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. बाटल्या मी उघडतो, असं मेसचा बटलर म्हणाला. "नमुना मीच काढणार," म्हणत त्यांनी बाह्या सारल्या आणि एक मोठी, एक लहान बाटली स्वतः उघडली. साहेबांनी मोठीचा घोट घेऊन मान डोलावली. लहानीचा घोट घेताच तोंड वाकडं केलं.

बाटली लहान असो वा मोठी, बुचाखाली हवा जवळपास सारखीच राहते. ती थोड्या बिअरला जास्त बाधते, शिवाय लहान बाटली लवकर तापते, असं दाऊदभाईंनी समजावलं. आपल्याकडे लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरतात ती उगाच नाही, हे मला मागाहून सांगितलं. साहेबांनी तिथेच माझी माफी मागितली.

त्या शुक्रवारी नमाजानंतर एकानं दाऊदभाईंना तोंडावर विचारलं, "दारूत हात घातलास?"

"घातला," ते म्हणाले. "मानूस बुडत होता. हात कुठं जातोय ते बघत बसू?"

पुढे कित्येक महिने त्यांच्या पंगतीला माझ्याखेरीज कुणी बसलं नाही. हे का, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मला इतरांकडून कळलं. कळलं त्या दिवशी मी रडलो.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर देवो. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. सारे बोट दाखवत असताना ज्यांचं दार ठोठावावं, असा माणूस या जगात आहे, एवढं मला मरेपर्यंत ठाऊक असायला हवं.