गाठ माझी, डबा माझा नाही

आधीच सांगून टाकतो, मी गाड्यांचा वायरमन आहे. बारा व्होल्टवर पोट भरतं माझं. वायर आहे तर करंट आहे, वायर नाही तर करंट नाही — एवढंच माझं अध्यात्म. करणी, अंगात येणं, उतारे... आमच्या कोळीवाड्यात याला काही तोटा नाही, पण मी कधी कोणाच्या पुढ्यात साधं लिंबूसुद्धा ठेवलेलं नाही. तुमच्या सदरातले अनुभव पुतणी वाचून दाखवते, तेव्हा मी निम्म्यातच म्हणतो, "अगं, फ्यूज गेला असेल, दुसरं काय!" परवा तीच म्हणाली, "मग काका, वकिलांच्या गाडीचं काय?" तर आता मी बोलतोय, ती लिहितेय. शिव्या तिने गाळल्यात, बाकी जसंच्या तसं.

ठाण्याला नौपाड्यात, स्टेशनकडून येताना एका आडव्या गल्लीत माझं दुकान होतं. १९८६ साली टाकलेलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड, एक बाकडं आणि बॅटरी चार्जर. हाताखाली कोणी नाही, सगळं काम एकट्याचं. टेप उन्हात चिकट होऊन सुटते, म्हणून मी वायरींचा जुडगा जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने बांधायचो. आमच्या घरात तो दोरा पैशाला पासरी. गाठही जाळ्याचीच... फक्त माझी उलटी पडते. लहानपणी वडील जाळी विणायला बसवायचे आणि माझी गाठ बघून कपाळाला हात लावायचे. "उलट्या हाताचा हायेस तू! तुज्या जाल्याला मासली पन हसंल!" मार खाल्ला, पण हात काही सुधारला नाही. आणि गंमत बघा, कोळीवाड्यात जिला हसायचे तीच गाठ नौपाड्यात माझी खूण झाली. गिऱ्हाइकं बॉनेट उघडून एकमेकांना दाखवायची, "हे बघा, हरेशचं काम."

असं दाखवणाऱ्यांत सगळ्यात पुढे आमचे वकीलसाहेब. फिक्या पिस्ता रंगाची पद्मिनी होती त्यांची, १९७९ सालची, नवीकोरी घेतलेली. गाडीवर इतका जीव की पहिला रंग तसाच राखलेला, कुठे पोचा नाही की टचअप नाही. माझ्याकडे ती यायला लागली ८९ साली. त्यांची बायको, मी काकू म्हणायचो, दर दिवाळीला डबाभर चकल्या पाठवायच्या. दम्याच्या पेशंट. पण गाडीत बसल्या की माझ्याशी चार शब्द बोलल्याशिवाय काच वर करायच्या नाहीत.

१९९१च्या उन्हाळ्यात ती गाडी दोनदा चालता चालता बंद पडली. दोन्ही वेळा माझ्याकडे आली. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, दुसऱ्या वेळी इंजिनला ठिणगी देणारी कॉइलपण नवीन टाकली. डॅशबोर्डच्या खाली मात्र डोकं घातलं नाही. हे मी स्वतःहून सांगतोय, कारण ही चूक माझीच आणि ती मी कधी नाकारली नाही.

तिसऱ्यांदा बंद पडली ती कल्याणहून एका मुंजीतून निघाल्यावर. काकूंना मांडवातच धाप लागली. साहेबांनी त्यांना मागच्या सीटवर घेतलं आणि जवळच्या हॉस्पिटलकडे निघाले, तर विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे गाडी ठप्प. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अर्ध्या तासाने रिक्षा मिळाली. काकू हॉस्पिटलात चार दिवस होत्या. पाचव्या दिवशी गेल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब गाडी टो करून घेऊन आले. दाढी वाढलेली. म्हणाले, "हरेश, ही का बंद पडते ते कळल्याशिवाय आज मी इथून हलणार नाही."

मी किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू! आता ती चालू ठेवूनच मी सीटवर आडवा झालो आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरलो. डाव्या कोपऱ्यात, कप्प्याच्या मागे, जिथे सहसा कोणाचा हात जात नाही, तिथे बोटांना पत्रा लागला. साबणाच्या डबीएवढा डबा. मी हात लावला मात्र... टक्क. इंजिन बंद.

तो आवाज रिलेचा. रिले म्हणजे काय, एक आपोआप चालणारा स्विच. त्याला करंट दिला की टक्क करून तो दुसरी वायर जोडतो नाहीतर तोडतो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक असले डबे बसवून घेतात, त्यात नवल काही नाही. या डब्यातून कॉइलची वायर आरपार गेलेली, तेही ठीक. पण रिलेला करंट देणारी जी वायर हवी, ती डब्यातून चार बोटं बाहेर येऊन संपलेली होती. तुटलेली नव्हती हो! टोक व्यवस्थित दुमडून, दोऱ्याने बांधून बंद केलेलं. म्हणजे त्या डब्याला करंट कुठूनच येत नव्हता. तो टक्क करूच शकत नव्हता. आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

मग टॉर्च दोऱ्यावर गेली. जाळ्याचा दोरा. आणि गाठ उलटी.

मी टॉर्च आणखी जवळ नेऊन पुन्हा बघितली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मी आत एकटा आडवा होतो आणि साहेब बाहेर उभे. कात्री मारून तो डबा खिशात घातला असता आणि "लूज कनेक्शन होतं साहेब" म्हटलं असतं, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी स्क्रू काढून तो डबा, गाठीसकट, त्यांच्या हातात ठेवला. चोर असं करतो?

साहेबांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं.

"हे काय आहे?"

"ठाऊक नाही साहेब."

"गाठ कोणाची आहे?"

"...माझ्यासारखी दिसते."

"तुझ्यासारखी? अरे, चार लोकांना कौतुकाने दाखवलीय मी ही गाठ." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी सारखी बंद पडावी आणि सारखी तुझ्याकडे यावी, म्हणून लावलास?"

मी म्हटलं, साहेब, आत येऊन बघा. डबा ज्या पट्टीवर बसवलेला त्या पट्टीवरून, स्क्रूच्या डोक्यांवरून आणि अर्ध्या गाठीवरून गाडीचा तोच पिस्ता रंग गेलेला होता. पट्टी निघाली तिथे खाली रंगच नाही, नुसता रंगाआधी मारतात तो लाल प्रायमर! म्हणजे डबा बसला आणि त्याच्यावरून गाडीला पहिला रंग लागला. १९७९ साली. त्या साली मी तेरा वर्षांचा होतो, खाडीत बापाबरोबर होडीवर. मला बल्ब जोडता येत नव्हता.

"रंग बाजारात मिळतो हरेश. प्रायमरही मिळतो." साहेब कोर्टात बोलावं तसं शांत बोलत होते. मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "ती विठ्ठलवाडीच्या रस्त्यावर श्वासासाठी तडफडत होती रे. माझ्या मांडीवर."

मला रडू आलं. आणि मी रडलो म्हणजे कबूल झालो, असा अर्थ त्यांनी घेतला.

पोलिसात गेले नाहीत. गेले असते तर बरं झालं असतं, निदान कोणी रीतसर विचारलं तरी असतं. त्याऐवजी गल्लीत कुजबूज. डॉक्टरांची गाडी यायची बंद झाली, मग शाळेच्या बाईंची स्कूटर. एक जण तर माझ्या तोंडावर म्हणाला, "खाडीतल्या माणसांच्या हातात गाड्या दिल्या की असंच व्हायचं." त्याला काय ऐकवलं ते पुतणीने गाळलंय, पण ऐकवलं!

मला वाटलं, साक्षीदार हवा ना वकिलाला? देतो. वडिलांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. ज्यांनी मला गाठ शिकवली, त्यांच्याइतकी ती कोण ओळखणार? ते सांगतील की ही दुसऱ्या कोणीतरी केलेली नक्कल आहे. साहेबांनी दारातच डबा आणून दिला. वडिलांना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांनी अंगठ्याने गाठ चाचपली, एकदा, दोनदा, दोरा नखाने जरा उचलून बघितला.

"ही हरेशचीच," ते म्हणाले.

साहेबांनी डबा परत घेतला आणि दार लावलं.

रस्त्याला लागलो. माझ्या डोक्यात नुसती आग. म्हटलं, बाबा, तुम्हीपण? तर चालता चालता म्हणाले, "खोटा कसा बोलू? गाठ तुजीच हाय. पन तू म्हनतोस मी डबा लावला नाय, त नाय लावला. दोनी खरा." एवढं बोलून त्यांनी टपरीवरून तंबाखू घेतली. मला त्या दिवशी त्यांचा फार राग आलेला. आता वाटतं, या सगळ्या प्रकरणात सरळ बोलणारा तो एकच माणूस.

तुम्ही आता काय म्हणणार तेही मला पाठ आहे. कोणीतरी नक्कल केली असेल — माझ्या बापाला फसवेल इतकी? आणि कशासाठी? मी लावून विसरलो असेन — मी ८८ साली कोणाच्या जीपचा कुठला फ्यूज बदलला तेसुद्धा सांगतो, विचारा. झोपेत चालत जाऊन लावला असेल, असं एक शहाणा म्हणालेला. झोपेत प्रायमर आणि रंग? एका बाईंनी तर मला सरळ सांगितलं, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, शांत करून घ्या. कसली शांत? मी काही केलेलंच नाही!

९३ साली शटर ओढलं. डोंबिवलीला मानपाड्याला आलो, तिथे एमआयडीसीतल्या कंपन्यांचे टेम्पो, बसगाड्या. इथे माझी गाठ कोणाला माहीत नव्हती. तरी मी बांधत राहिलो, तशीच, उलटी. कोणाला घाबरून सोडू?

९७ साली साहेबांच्या मुलीचा, नीलाताईंचा, दुकानाच्या शेजाऱ्याकडे फोन आला. बाबा अंथरुणाला खिळलेत, तुम्हाला बोलावतायत. बायको म्हणाली, "काय ते हो म्हना हो. म्हाताऱ्या मानसाला बरा वाटंल. तुमचा काय जातंय?" मी शर्ट बदलला आणि गाडी पकडली.

साहेब पार वाळून गेलेले. उशाशी औषधांच्या बाटल्या आणि तो डबा. मला म्हणाले, "हरेश, चाळीस वर्षं पुरावे तपासले मी. रंग एक सांगतो, गाठ दुसरं सांगते. जुळतच नाही. सहा वर्षं रात्री हेच चाललंय डोक्यात." दम लागला त्यांना. मग म्हणाले, "तू हो म्हणालास की सगळं जुळतं. तू लावलास, वरून रंग मारलास, संपलं. मी माफ केलं तुला, आत्ताच, या क्षणी. फक्त हो म्हण. मला झोप येईल रे."

नीलाताई दारात उभ्या होत्या. डोळ्यांनी त्याही सांगत होत्या, म्हणा.

मी तुम्हाला खरं सांगतो, ते अक्षर जिभेवर आलेलं. एवढंसं अक्षर. काकूंचा चेहरा समोर आला. या माणसाने माझं दुकान बुडवलं तरी त्या वेळी राग म्हणून उरला नव्हता, नुसती कणव आली. पण मी हो म्हटलं असतं, तर काकूंना मारल्याचं मी कबूल केलं असतं. आणि माझा बाप, जो मरेपर्यंत मानत होता की मी नाही केलं... तो खोटा पडला असता.

मी त्यांचा हात धरला. "साहेब, दोनदा गाडी माझ्याकडे आली आणि मी डॅशबोर्डखाली बघितलं नाही. बघितलं असतं तर काकू वेळेत पोचल्या असत्या. ते माझ्या डोक्यावर आहे, त्याची माफी द्या. डबा मी लावलेला नाही."

साहेब छताकडे बघत राहिले. "मग कोणी लावला?"

"ठाऊक नाही."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात साहेब मुलीकडे वळून म्हणाले, "नीला, याला चहा दे."

चहा आला. थोडा बशीत सांडला, तोही प्यायलो. साहेब माझं पिऊन होईपर्यंत डोळे मिटून पडून होते. माझ्यावर विश्वास बसला म्हणून चहा दिला, की घरी आलेल्या माणसाला द्यायचा म्हणून दिला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आठवड्याने गेले.

नीलाताई मला आजही दोष देतात, एका शब्दासाठी बाबांना तळमळत ठेवलंत म्हणून. देऊ देत. डबा त्यांच्याकडेच असेल, मी मागितला नाही. तो कोणी लावला, कधी लावला, करंटाशिवाय टक्क कसा झाला — मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण तुमच्यापैकी कोणी मला उद्या मरणाच्या खाटेवरून विचारलं, तरी उत्तर तेच मिळेल. मी नाही लावला.