तबकडीवरचा पांढरा ऑइलपेंट

वाचनालयाचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तर माझाच रक्तदाब वाढेल, आणि शिवाय तिथल्या कार्यकारिणीच्या यादीत माझंही नाव आहे.

चुडामण बोरसे, म्हणजे आमचे नाना, मूळचे धुळ्याकडचे. दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर बत्तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पाचोऱ्याजवळ, आमच्या गावात घर बांधलं. शिक्षण आयटीआय. हा माणूस जॅझ ऐकतो. हे सांगितलं की लोक हसतात, आणि माझं डोकं तिथूनच फिरायला लागतं. खानदेशातल्या माणसाने भरीत आणि भजनापलीकडे काही आवडून घेऊ नये, असा कायदा झालाय का कुठे?

भुसावळला सत्तारभाईंचं भंगाराचं दुकान होतं. रेल्वेच्या बंगल्यांतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून परदेशी गेली, तेव्हा त्यांच्या तबकड्या रद्दीबरोबर सत्तारभाईंकडे आल्या. नाना तिथे पंख्याची मोटर शोधायला गेले होते. ग्रामोफोन चालतो का बघायला सत्तारभाईंनी एक तबकडी लावली, आणि नाना मोटर विसरून ग्रामोफोन अन् तबकडी घेऊन घरी आले. पुढची वीस वर्षं सत्तारभाई जॅझचं काही आलं की नानांसाठी बाजूला काढून ठेवत. होता होता तीनशे बारा तबकड्या झाल्या.

ऐकायची रीत ठरलेली. दुपारी चारला, रोज एकच बाजू. आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवलेल्या मलमलीने तबकडी पुसायची, मग सुई. बाजू संपली की कव्हरच्या मागचा मजकूर वाचायचा. इंग्रजी बेताचं, म्हणून शेजारी शब्दकोश. एकेका कव्हराला आठवडा लागे. ट्रम्पेट कोणी वाजवलं, कुठल्या गावचा, कोणाकडे शिकला, सगळं मराठीत वहीत उतरवायचं. अशा सतरा वह्या भरल्या. आमच्याकडे संगीतावर भाषणं ठोकणाऱ्यांनी जन्मात सतरा पानं तरी वाचली असतील का, याची मला शंका आहे.

सुनंदाबाईंना, म्हणजे नानांच्या पत्नीला, हे सगळं भांड्यांची आदळआपट वाटे. अपवाद एका तबकडीचा. ती कुठल्याशा हॉटेलात, लोकांसमोर वाजवताना मुद्रित केलेली होती. सातव्या मिनिटाला पियानोवाला मध्येच थबकतो आणि त्या शांततेत ऐकणाऱ्यांपैकी कोणी बाई खळखळून हसते. का हसते, ते कव्हरवर लिहिलेलं नाही. ती हसली की स्वयंपाकघरातून सुनंदाबाईही हसायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून नाना ती बाजू फक्त रविवारी लावत.

गेल्या वर्षी ते मला म्हणाले, माझ्यामागे हे कोण ऐकणार? मुलगी रूपाली नाशिकला, दोन खोल्यांत. मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, तबकड्या आणि ग्रामोफोन वाचनालयाला द्या. नानांची अट एकच, दर रविवारी सकाळी दहाला एक बाजू लोकांना ऐकवायची. कार्यकारिणीने टाळ्या वाजवून ती मान्य केली. शाल, श्रीफळ आणि चार भाषणं झाली. चौघांपैकी एकानेही जॅझ कधी ऐकलेलं नव्हतं.

नोंदणीत दोन महिने गेले. पहिल्या रविवारी आम्ही पोहोचलो, तर ग्रंथपाल मोनालीताई कौतुकाने जाडजूड खंड दाखवू लागल्या. कव्हरवर मजकूर आहे, म्हणजे ते वाचनसाहित्य. म्हणून सगळी कव्हरं उसवून, सपाट करून, बाइंडरकडून शिवून घेतलेली. पाठीवर सोनेरी अक्षरं. तबकड्या मात्र उघड्या, भाकऱ्यांच्या चळतीसारख्या कपाटात. तपासणीला प्रत्येक वस्तूवर दाखल क्रमांक दिसावा लागतो. शिक्क्याची शाई तबकडीवर उठेना, म्हणून पांढरा ऑइलपेंट आणून, बारीक ब्रशने, दोन्ही बाजूंना, थेट रेघांवर आकडे घातलेले. अक्षर अगदी सुरेख.

नानांनी चळत उपसून ती हसण्याची तबकडी शोधली. सुई ठेवली. टक् झालं आणि सुई उडून पुढे गेली. पियानो कधी थबकला ते कळलंच नाही. नानांनी तीनदा सुई मागे घेतली, तिन्ही वेळा ती त्याच आकड्यावर आपटली. बाई हसली नाही.

मी मोनालीताईंवर नको तेवढा ओरडलो. नाना शांतपणे, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तिनावर काब्र तापस? तिनी चूक नही. नियमच तसा शे."

मग त्यांनी एकच मागितलं. ते कव्हर ज्यात आहे तो खंड घरी न्यायला मिळेल का? मोनालीताईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. संदर्भग्रंथ घरी दिले जाणार नाहीत. खाली सही माझी. कोणीतरी शब्दकोश लांबवला तेव्हा मीच सभेत भांडून तो ठराव करून घेतला होता. तो रद्द करायचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. तेव्हापासून सभा गणपूर्तीअभावी तीनदा तहकूब झाली आहे. टाळ्या वाजवायला मात्र सगळे हजर होते.

नाना दर रविवारी दहाला येतात. चौथा खंड उघडतात, ते कव्हर काढतात, मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवतात आणि बावीस मिनिटं, एक बाजू होईल तेवढा वेळ, बसतात. मी समोर बसतो. गेल्या रविवारी न राहवून विचारलं, नाना, काय वाचताय?

"ऐकी राहिनू," ते म्हणाले.

सातव्या मिनिटाला ते मोठ्याने हसले. मोनालीताईंनी मान वर केली आणि 'शांतता राखा' या पाटीकडे पाहिलं. ती पाटीही माझ्याच हातची. मी उठलो, खिळ्यावरून ती उतरवली आणि घरी घेऊन आलो, कुठेही नोंद न करता.