ग्लेबच्या आईला मी दाखवलेला नंबर

आज मी एका मेलेल्या माणसावर जळलो.
सगळ्यांसमोर. त्याच्या आईसमोर.

ग्लेब आमच्या शारजाच्या टेनिस अकॅडमीत कोच होता. रशियन. मागच्या आठवड्यात कोर्टवरच कोसळला. हार्ट अटॅक.

मी कॉलेज अर्धवट सोडून इथे बाबांकडे आलो, तेव्हा पोरांना बॉल टाकायच्या कामावर मला त्यानेच घेतलं. कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, "कॉलेज खलास? गुड. यल्ला, बास्केट उचल."

कोचिंग पोटासाठी. खरा तो अजून प्रोफेशनल प्लेयरच होता. सुट्टी मिळाली की इजिप्त, ट्युनिशिया, तुर्कस्तान, जिथे छोटी टूर्नामेंट असेल तिथे स्वतःच्या खर्चाने जायचा. परत आला की आम्ही घेरायचो.
"काय झालं, ग्लेब?"
"फर्स्ट राउंड. बट एअरपोर्ट, हबीबी, टॉप टेन!"

आज त्याच्या शोकसभेला सगळे कोर्टवर जमलो होतो. रशियाहून त्याची आई आणि भाऊ आले होते. टेबलावर फोटो, पुढे ग्लास, ग्लासावर पावाची स्लाइस. मेलेल्याच्या नावाने व्होडका ठेवायची रशियन पद्धत. शारजात दारूबंदी, म्हणून ग्लासात पाणी.

बॅनर सनाने केला होता. सना रिसेप्शनला असते, रत्नागिरीची. माझं तिच्यावर किती प्रेम आहे हे तिच्यासकट अख्ख्या अकॅडमीला माहीत आहे.

ती हुंदके देत होती.
माझ्यासाठी तिचा कधी आवाजसुद्धा हलला नाही.

बॅनरवर लिहिलं होतं, वर्ल्ड टॉप २००.
माझं डोकं फिरलं.

"टॉप टू हंड्रेड? कधी? कुछ भी लिखते हो!" मी ओरडलोच. फोनवर वेबसाइट उघडून सगळ्यांपुढे नाचवली. "बेस्ट रँकिंग सिक्स ट्वेल्व! देख लो!"

ग्लेबच्या भावाने माझा हात धरला. उशीर झाला होता.
त्याच्या आईला इंग्लिश येत नाही. आकडे येतात.

भाऊ हळू आवाजात इंग्लिशमध्ये म्हणाला, "टॉप टू हंड्रेड हे तिला ग्लेबनेच सांगितलेलं. खरं कळलं असतं तर 'पुरे, घरी ये' म्हणाली असती. आणि तिचा शब्द त्याला मोडता आला नसता."

सना डोळे पुसत जवळ आली.
"मला नंबर माहीत नव्हता असं वाटलं तुला? त्याच्या टूर्नामेंटच्या एन्ट्रीज मीच भरायचे. भावाने सांगितलं म्हणून तसं लिहिलं."
"मी फक्त खरं बोललो."
"खरं? तुला त्याला लहान करायचं होतं. माझ्यासमोर. केलंस ना?"



ग्लेबची आई माझ्या हातातला फोन घेऊन खुर्चीवर बसली. बोटाने स्क्रीन सरकवत राहिली. ग्लेबच्या नावापुढे झेंडाही नाही, युक्रेन युद्धापासून रशियन प्लेयर्सना नसतो. खाली नुसत्या मॅचेस. हरला. हरला. एखादी जिंकलेली. परत हरला.

मग तिने वर बघून मला काहीतरी विचारलं.
भावाने सांगितलं, "ती विचारतेय, हरल्यावर तो जेवायचा का?"

फुजैराच्या टूर्नामेंटला मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. हरल्यावर तो गाडीत काच वर करून बसून राहिला. मी नेलेला शावरमा तसाच परत आणला.

"हो," मी म्हणालो. "पोटभर जेवायचा. मलाही आग्रह करायचा."

भावाने तिला सांगितलं. तिने मान हलवली. फोन परत दिला आणि माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरून बसली.
मला तो सोडवून घ्यायची हिंमत झाली नाही.

ग्लेब, तुला मनापासून श्रद्धांजली.
आणि तुझ्या आईची माफी.