आमसुलाचं पाणी

धाकट्या बहिणीच्या उजव्या बरगडीखाली नारळाएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मीच तिला रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटावर बोट आपटून पोट वाजवून पाहिलं. म्हणाले, "ताप नाही, ठणका नाही, म्हणजे पू नव्हे. दगडासारखी कठीण नाही, म्हणजे ती वाईट गाठही नव्हे. घरात कुत्रं होतं का?"

होतं तर! वडील घाटावर नोकरीला असताना धनगरानं दिलेल्या पिल्लाला ही आपल्याच ताटातलं भरवायची, त्याला तोंड चाटू द्यायची.

"मग ही कृमीची, पाण्याची पिशवी. यकृतात आहे. पू असता तर सुई घालून काढला असता. हिला सुई लावायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करा."

मला मेलीला काय कळलं, तर पू नाही आणि वाईट गाठही नाही. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

श्रावणात तिची पहिली मंगळागौर माहेरीच झाली. "ताई, एकच फुगडी गो! दुखत तर नाही ना!" मी नको म्हणायचं सोडून पदर खोचला. गिरकीत आमचे हात सुटले. ती पाटाच्या कडेवर पोटावर आपटली आणि हसतच उठली.

घटकाभरात तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं आणि घोंगडीत गुंडाळायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तेच केलं. वर तिलाच झापलं, "आणखी हादड फणसपोळी!" पित्तासाठी का कुणी डॉक्टर बोलावतं?

"आता खाज नाही गो, ताई," ती पुटपुटली. हातपाय गार लागले. मला वाटलं, आमसुलाचा गुण आला. निवलं एकदाचं, असं मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. अर्ध्या तासानं ती हाकेला ओ देईना, तेव्हा डॉक्टरांकडे माणूस धावला.

ते आले तेव्हा नाडी नव्हती. "पिशवी फुटली. आतलं पाणी अंगात भिनलं, त्या गांधी त्यामुळेच."

"लगेच बोलावलं असतं तर?"

"एक इंजेक्शन देऊन पाहिलं असतं," एवढंच म्हणाले.

पहिल्या बोटीनं तिचे यजमान मुंबईहून आले. तिला न्यायला येणार होते ते, दिवसांना आले. "शेवटी काही बोलली का?" त्यांनी विचारलं. "खाज नाही म्हणाली," मी सांगितलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. फुगडीला तिच्यासमोर मी होते, हे मात्र त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.