स्पार्टा कुणालाच व्हायचं नव्हतं

मी नववी नापास. बायको इंजिनीअर, आणि सासरे पुण्याच्या शाळेतून रिटायर झालेले इतिहासाचे मास्तर. ते न्यूझीलंडला, लोअर हट गावात, आमच्याकडे राहायला आले, तेव्हा घरात त्यांचं ऐकून घेणारा मी एकटाच. बायकोच्या मीटिंगा असायच्या. पोरीला मराठीत काही विचारलं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देऊन खोलीत निघून जायची. मी ऐकायचो म्हणजे काय, तर सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायचो. डुलकीत मान हलायची आणि त्यांना वाटायचं जावयाला पटतंय.

त्यांचा आवडता विषय म्हणजे अथेन्स आणि स्पार्टाची लढाई. जुन्या ग्रीसमधली ही दोन गावं. म्हणजे नुसती गावं नाहीत, एकेक गाव म्हणजे एकेक राज्यच. आधी दोघांनी मिळून इराणच्या बादशहाला पळवून लावलं, आणि मग एकमेकांच्या उरावर बसले. का बसले आणि बसून काय मिळवलं, हे सासऱ्यांना एकदा भरल्या वर्गासमोर सांगायचं होतं. रिटायर झाल्यापासून त्यांना वर्गच मिळाला नव्हता, आणि परतीच्या तिकिटाची तारीख जवळ आली होती.

"जावईबापू, तासभर पुरे. फक्त जागी राहणारी माणसं आणा," ते म्हणाले.

म्हणजे माझी झोप त्यांना कळत होती.

"स्वीट ॲज, बाबा," मी म्हटलं. म्हणजे इथल्या बोलीत, होऊन जाईल.

मी कुंपणं घालायची कामं करतो, त्यामुळे इथल्या मराठी घरांची दारं मला पाठ आहेत. पण इतिहासाचं लेक्चर म्हटलं की ज्याला त्याला आपलं गवत कापायचं आठवायला लागलं. मग मी डोकं चालवलं. मी डोकं चालवलं की नुकसान ठरलेलं. पुण्याच्या मंडळींना सांगितलं, "अथेन्स म्हणजे तुमचं पुणंच हो. विद्या, नाटकं, वादविवाद, आणि बाकीच्यांना काही कळत नाही असं ठाम मत." लगेच यायला तयार. मुंबईकरांना सांगितलं, "अथेन्स म्हणजे थेट मुंबई. बंदर, जहाजं, पैसा, आणि दुनिया आपल्याच जिवावर चालते अशी खात्री." तेही तयार.

रविवारी दुपारी मी भाड्याने घेतलेला हॉल भरला. सासरे कडक इस्त्रीत. त्यांनी हाताने काढलेला नकाशा मी भिंतीवर लावला, तो उलटा. समुद्र वर गेला. तो सरळ करून त्यांनी सुरुवात केली, "अथेन्स हे विद्येचं माहेरघर."

पुढच्या रांगेतले एक पुणेकर काका मान डोलवत म्हणाले, "चला, आमच्याबद्दल कुणीतरी बोललं."

मागून दादरच्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल? अथेन्सकडे आरमार होतं. मुळा-मुठेत काय चालवणार, कागदाच्या होड्या?"

"मग अथेन्स तुम्ही? तुमच्याकडे बोलायला तरी वेळ असतो का कुणाला?"

"बोलण्यात दिवस घालवत नाही म्हणून तर जहाजं चालतात आमची."

सासऱ्यांनी समजूत काढायला विचारलं, "बरं, मग स्पार्टा कोण होणार? पुस्तकं नाहीत, पैसा नाही, नुसती कवायत आणि लढणं."

काकांनी बाईंकडे बोट केलं, बाईंनी काकांकडे. मग सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी बार्शीचा. शिक्षण नाही, अंगमेहनत भरपूर. मी आनंदाने झालो असतो स्पार्टा. पण तेवढ्यात काका म्हणाले, "याच गृहस्थांनी आम्हाला सांगितलं, अथेन्स म्हणजे पुणं."

"आम्हाला तर मुंबई सांगितलं," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांना माझ्यात काही बघण्यासारखं दिसलं असावं. "त्या लढाईतही असं एक लहानसं बेट होतं. आपलं भांडण घेऊन अथेन्सच्या दारात गेलं आणि दोन मोठ्यांची जुंपवून दिली."

"म्हणजे लढाईचं कारण मीच का, बाबा?"

"तुम्ही निमित्त. कारण वेगळं होतं."

पण ते सांगायला त्यांना कुणी वावच दिला नाही. पुणे-मुंबई तासभर चाललं. शेवटी दार उघडून झुंबावाल्या बायका आत आल्या आणि "किया ओरा" असा इथला नमस्कार करत आम्हाला हसतमुखाने बाहेर काढलं. पुढचं बुकिंग त्यांचं होतं.

बाहेर नेहमीचा वारा. सासरे नकाशाची गुंडाळी छातीशी धरून उभे. "कारण राहिलंच सांगायचं," एवढंच म्हणाले, तेही मला एकट्याला.

लोक गाड्यांकडे निघाले, पण कुणालाच जाता येईना. सगळे आल्यावर कमी पडलेल्या खुर्च्या उतरवताना मी माझी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली कामाची गाडी, फाटकात आडवी लावली होती आणि ती तशीच राहिली होती. खिशात चावी नाही. चावी आत, खुर्चीवर. मी काचेवर टकटक केली, तर आतल्या बायका मलाच नाचायला बोलवायला लागल्या.

"मुद्दाम केलंस ना?" बायको म्हणाली.

आईशप्पथ नाही. एवढी अक्कल असती तर दहावीपर्यंत गेलो असतो.

पण वाऱ्यामुळे सगळे यूटच्या आडोशाला येऊन दाटीवाटीने उभे राहिले, आणि सासऱ्यांना वर्ग दिसला. यूटच्या मागच्या फळीवर चढून त्यांनी सांगितलं. अथेन्स वाढत होतं आणि स्पार्टाला त्याची धास्ती बसली, कारण एवढंच, बाकी सगळी निमित्तं. मग अथेन्सने सगळी माणसं तटबंदीच्या आत कोंबली, आत साथ आली, माणसं पटापट गेली. शेवटी आरमारही गेलं. स्पार्टा जिंकलं, पण त्याच इराणच्या पैशावर, आणि जिंकलेलंही फार दिवस सांभाळता आलं नाही. दोघं दमले. मग उत्तरेकडून तिसराच आला आणि सगळं घेऊन बसला.

आत झुंबाचं गाणं जोरात लागलं होतं. काकांनी एकदा खिडकीतून, आमचा हॉल घेऊन बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सर," दादरच्या बाईंनी विचारलं, "थांबवता आली असती का ही लढाई?"

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "कोण सांगेल?"

काकांनी हात वर केला. शाळेतल्यासारखा, सरळ.

तेवढ्यात झुंबावाली एक बाई घामाघूम होऊन बाहेर आली आणि माझ्या हातात चावी ठेवून गेली. बायकोने ते बघितलं. मी चावी खिशात टाकली आणि काका काय सांगतात ते ऐकायला पुढे सरकलो.