माग बंद, सिनू चालू

सिनूनं भोंगा लावला तेव्हा खिचडी नुकतीच ताटात पडली होती. तो रडला म्हणून शेजारची दोघं रडली, आणि त्यांचं बघून ज्यांना रडायचं काही कारणच नव्हतं तीही रडली. माझी मदतनीस शकुंतला डाव हातात धरून म्हणाली, "बाई, मिली बंद पडल्या, पण भोंगा आपल्याकडंच राहिला की!"

मला हसू आलं, पण लक्ष दाराकडं होतं. तिथं शाळेच्या मधल्या सुट्टीत पळत आलेली सिनूची बहीण श्रावणी उभी होती. तिसरीतली पोर. त्यांच्या आईला, पद्माला, टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायचं काम नवीनच लागलं होतं. सिनू इथं रुळला नाही तर सोमवारपासून श्रावणीनं शाळा सोडून त्याला सांभाळायचं, असं घरात ठरलं होतं. अशी घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत जाताना मी फार कमी वेळा बघितलीय.

अंगणवाडी म्हणजे खिचडीचं दुकान, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही हो. तीन ते सहा वर्षांच्या पोरांनी खेळत खेळत शिकायचं, त्याला आमच्या ट्रेनिंगमध्ये ईसीसीई म्हणतात. नाव मोठं आहे, पण पहिली पायरी साधी. पोरानं आईचा पदर सोडून आपल्यापाशी बसायला पाहिजे. रंग, आकार, आकडे सगळं मागनं.

आमचं सेंटर भवानी पेठेत, समाजमंदिराच्या आतल्या खोलीत. जाड दगडी भिंती, रस्त्याचा आवाज आत येत नाही. आमचं काम तपासायला येणाऱ्या सुपरवायझर मॅडम बाकीच्या सेविकांना सांगायच्या, "शांत अंगणवाडी बघायची तर बाईंची बघा." मला त्याचा कोण अभिमान!

सिनूला मी फुगा दिला, बाहुली दिली, कडेवर घेऊन फिरले. सकाळी पोरं कालवा करत आत यायची तेव्हा तो बरा असायचा. "हात जोडा, डोळे मिटा" म्हटलं की भोंगा. जेवायला सगळी गप बसली की भोंगा. घरी तेलुगू बोलतात, तेव्हा ह्याला मराठी कळत नसेल, असं वाटून मी म्हटलं, "एडवकु रा, सिनू." म्हणजे रडू नको रे. त्यानं रडं थांबवून माझ्या तोंडाकडं बघितलं. माझं तेलुगू ऐकून आणखी मोठ्यानं रडला.

शनिवारी दुपारी गृहभेटीला गेले. घर यंत्रमागाच्या शेडला चिकटून, मध्ये एक भिंत. खटाखट खटाखट! पद्मा आणि मी निम्मं ओरडून, निम्मं हातवारे करून बोलत होतो. सिनू झोळीत तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

"ह्या आवाजात झोपतो?"

"काय?"

"झोपतो का म्हटलं!"

"झोपलाय की!"

एवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. कानात नुसतं सुन्न झालं. आणि झोळीतनं भोंगा सुरू.

सिनूचे वडील अंगावरचा कापूस झटकत शेडमधनं आले आणि हसले. "हे रोजचंच हाय, बाई. माग बंद, सिनू चालू!"

ते दोघं हसत होते, मी मात्र पद्माला खोदून खोदून विचारलं. टॉवेलच्या कामाआधी ती मागाशेजारी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागावरच्या सुतातनं इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायचं सूत गुंडाळायची. सिनूची झोळीही तिथंच टांगलेली. पोटात होता तेव्हापासून ह्यानं तोच आवाज ऐकलेला. आवाज थांबला की त्याचं जगच थांबायचं. आणि मी त्याला दगडी भिंतीत नेऊन शांतता खाऊ घालत होते!

"अगं, हे मला आधी सांगायचं की!"

"तुमी काय खातो, शू कवा करतो, तेवढंच विचारलं," पद्मा म्हणाली. "आवाजाचं कुटं विचारलं?"

निघायच्या आधी लाईट आली. मी मागाचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला.

सोमवारी श्रावणी दप्तर घेऊनच आली, पण दारातच थांबली. शाळेत जायचं का सिनूला घेऊन घरी, तिला कुठं माहीत? शकुंतलेला मी सगळं सांगून ठेवलं होतं. प्रार्थनेला मी मोबाईल लावला. खटाखट खटाखट. सिनू गप! मी हात जोडले, ते देवालाच. तेवढ्यात माग थांबला आणि रिंग वाजली. सुनेचा फोन. "आई, येताना कोथिंबीर आणा."

सिनूनं भोंगा लावला.

"लाईट गेली!" शकुंतला ओरडली, आणि तिनं ताट उचलून त्यावर डाव बडवायला सुरुवात केली. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. वाट्या, चमचे, जे हाताला लागेल ते. मी त्यांच्या समोरासमोर दोन रांगा केल्या. "तुम्ही सूत. मधनं पळंल तो धोटा!" डोळ्यांत पाणी तसंच, आणि सिनू पळायला लागला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. एकदा तर हसला. आम्ही त्याचे दात पहिल्यांदा रडण्याशिवाय बघितले.

नेमक्या मॅडम आल्या. "बाई, हा काय कारखाना काढलाय?"

"व्हय मॅडम. टॉवेलचा."

"टाईमटेबलमध्ये हे कुठं बसतं?"

"धावणं आलं, ताल आला, आपल्या पाळीची वाट बघणं आलं. कुठंही बसवा."

मॅडम काही बोलणार, तोवर धोटा त्यांच्या साडीवर आदळून परत फिरला. त्या रांगेच्या टोकालाच उभ्या होत्या ना! "सावकाश रे, सूत तुटेल," त्या म्हणाल्या, आणि पर्स खाली ठेवली.

"मी जाऊ, बाई?" श्रावणीनं दारातनं विचारलं.

"पळ! घंटा होईल."

तिनं भावाला हाक मारली. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरगी जरा रुसली, आणि मग दप्तर सावरत शाळेकडं पळाली.

पुढं ताटांचा आवाज आम्ही हळूहळू कमी करत नेला. दिवाळीपर्यंत सिनू प्रार्थनेला गप बसायला लागला, फक्त मांडीवर बोटानं खटाखट चालू असायचं. श्रावणी पुढच्या वर्षी चौथीत गेली.

पोर रडलं की आम्ही भूक, झोप, ताप विचारतो. घरात काय वाजतं, तेही विचारावं. मी रिटायर होईपर्यंत विचारत राहिले. मॅडमनी मात्र शांत अंगणवाडी बघायला कुणाला माझ्याकडं पुन्हा पाठवलं नाही.